बहिरमची हंडी येते कुठून? कुंभाराच्या अंगणापासून मेळघाटच्या बांबूपर्यंत : कारागिराच्या घरी एकदा जाऊन बघा

चांदूर बाजार : दरवर्षी २० डिसेंबरला बहिरमची यात्रा सुरू होते. सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाडा-बैतूल रस्त्यावर ही यात्रा महिनाभराहून जास्त दिवस चालते. लोक बहिरमबाबाचं दर्शन घेतात, मग जागा बघून चूल मांडतात. मातीच्या हंडीत मटण शिजतं, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जातात. ज्याला मटण चालत नाही तो वांग्याचं भरीत करतो. जेवण उरकलं की काही जण हंडी धुऊन घरी नेतात, काही जण तिथंच सोडून निघतात.

हंडीतल्या मटणाची चव तालुक्यात कोणाला सांगायची गरज नाही. पण ती हंडी कोणाच्या अंगणात घडली, तिला किती दिवस लागले, हे डोळ्यानं पाहिलेले लोक मोजकेच निघतील. दुकानावर उभं राहून "मातीचंच त हाय, एवढे कायचे?" असं विचारणं सोपं असतं. तोच माणूस एकदा कुंभाराच्या घरी तासभर बसला, की हा प्रश्न त्याच्या तोंडून सहसा निघत नाही.

सुटीच्या दिवशी चिखलदऱ्याला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. धबधबा, धुकं, पॉइंट, मक्याचं कणीस, फोटो, की परत. त्याच वाटेवर आणि आजूबाजूच्या गावांत माती, बांबू, लाकूड यांवर हात चालवणारी माणसं राहतात. त्यांच्याकडे जायला तिकीट नाही. जायचं कसं, बघायचं काय आणि आपल्या जाण्यानं त्यांचं काय भलं होतं, ते समजून घेऊ.

घर हाच कारखाना

मोठ्या शहरात चित्रकार किंवा मूर्तिकार जिथं काम करतो त्या जागेला स्टुडिओ म्हणतात. परदेशात अनेक गावांमध्ये वर्षातले एक-दोन दिवस ठरवून कलाकार आपापल्या स्टुडिओचं दार उघडं ठेवतात. लोक घरोघरी फिरतात, काम बघतात, पटलं तर विकत घेतात. आपल्याकडे यासाठी वेगळं दार उघडायची गरजच नाही. कुंभाराचं अंगण, बुरडाची ओसरी, सुताराचा मांडव हेच त्यांचे स्टुडिओ आहेत आणि ते बारा महिने उघडे असतात.

महाराष्ट्रात याचं चांगलं उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला आहे. तिथले परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यातच या कलेचं संग्रहालय उभं केलं. कोकण बघायला आलेले लोक वाट वाकडी करून तिथं जातात, चित्रं बघतात, बाहुल्यांचा खेळ बघतात. २०२१ मध्ये गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली.

ओडिशात पुरीजवळ रघुराजपूर नावाचं गाव आहे. तिथं जवळपास घरोघरी पट्टचित्रं काढली जातात आणि पाहुणा थेट चित्रकाराच्या ओसरीवर बसतो. या दोन्ही गावांत माल बाजारात जाऊन बसण्याऐवजी गिऱ्हाईक कामाच्या जागी येतं, आणि काम डोळ्यानं बघितल्यामुळे त्याची किंमत त्याला आपोआप कळते.

कुंभाराच्या अंगणात काय बघाल?

पहिली गोष्ट माती. वऱ्हाडची काळी माती शेताला सोन्यासारखी, पण चाकावर ती एकटी चालत नाही. पाणी पडलं की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात, तशाच भेगा नुसत्या काळ्या मातीच्या मडक्याला पडतील. म्हणून कुंभार तलावाच्या, नाल्याच्या काठची चिकण माती निवडतो. तिच्यात दुसरी माती, बारीक रेती, राख किंवा लीद मिसळतो. कोणती माती किती, हे प्रमाण गावागावाला बदलतं. ते कुठं लिहिलेलं नसतं, हाताला कळतं.

ही भेसळ नाही, यातच हंडीचा जीव आहे. हंडी चुलीवर चढली की खालून आग आणि आतून थंड रस्सा. भांड्याची एक बाजू एकदम तापते, दुसरी तशीच राहते आणि भांडं तडकायला बघतं. रेतीचे कण आणि लीद जळून झालेली बारीक छिद्रं हा ताण सोसून घेतात, तडा पुढे सरकू देत नाहीत. म्हणून स्वयंपाकाची हंडी आणि पाण्याचा माठ दिसायला भाऊ असले, तरी दोघांची माती सारखी असेलच असं नाही. माठाला पाझरायचं असतं. बाहेर आलेलं पाणी वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हंडीला पाझरून चालत नाही, तिला आग सोसावी लागते.

दुसरी गोष्ट चाक. माती भिजवली, खडे वेचले, पायानं तुडवली, हातानं मळली, की तिचा गोळा चाकावर बसतो. चाक फिरलं की दोन-तीन मिनिटांत तोंड आणि गळा तयार होतो. व्हिडिओत लोकांना एवढंच दिसतं. पण हंडीचा गोल बुड चाकावर होत नाही. दोऱ्यानं कापून खाली उतरवलेलं भांडं थोडं सुकू देतात. मग एका हातात आतून धरलेला गुंडा आणि दुसऱ्या हातात लाकडी थापी घेऊन ते ठोकत ठोकत गोल करतात. ठोकल्यानं माती दाबली जाते, भिंत पातळ होते आणि मजबूतही होते. गोल बुडामुळे आच सगळीकडे सारखी लागते. कुंभाराच्या घरात हे थापण्याचं काम बऱ्याचदा बाईमाणसाच्या हाती असतं. म्हणून "कुंभार" म्हटलं की डोळ्यासमोर फक्त चाकावरचा गडी येत असेल, तर अर्धं काम आपल्याला दिसलेलंच नाही.

तिसरी गोष्ट आवा. भांडी सावलीत हळूहळू वाळवावी लागतात. घाईनं उन्हात ठेवली तर वरचा थर आधी आकसतो आणि चीर जाते. पुरती वाळली की गोवऱ्या, काड्या, पऱ्हाट्या यांच्यामध्ये रचून वरून झाकतात आणि आवा पेटवतात. भाजताना मातीतलं उरलंसुरलं पाणी निघून जातं आणि तिचे कण एकमेकांना धरून बसतात. त्यानंतर ती माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. हवा मिळाली तर भांडं लाल होतं. शेवटी हवा कोंडून धूर आत ठेवला तर काळं होतं. लाल आणि काळ्या मडक्यात फरक रंग दिल्याचा नसतो, आवा कसा झाकला त्याचा असतो.

आवा लागला आणि अवकाळी पाऊस आला, तर आठवड्याची मेहनत एका रात्रीत जाते. हरभरा सोंगून ठेवला आणि पाऊस आला की शेतकऱ्याचा जीव जसा होतो, तसंच.

चांगली हंडी कशी ओळखायची?

- बोटाच्या पेरानं वाजवून बघा. खणखणीत वाजली तर भाजणी चांगली आणि चीर नाही. बद्द आवाज आला तर ठेवून द्या.
- आत हात फिरवा. तळाशी फार जाड-पातळ लागत असेल तर आच सारखी लागणार नाही.
- स्वयंपाकासाठी ऑइलपेंट किंवा चमकदार रोगण मारलेलं भांडं घेऊ नका. अशा रंगात शिसं असू शकतं. साधी, बिनरंगाची हंडीच घ्या.
- घरी नेल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर तांदळाची पेज शिजवा. पेजेनं बारीक छिद्रं बुजतात.
- तापलेल्या हंडीत एकदम थंड पाणी ओतू नका. साबणानं घासू नका, राख आणि काथ्या पुरे.

मेळघाटात बांबूचं काम

परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे जाताना मेळघाटचं जंगल लागतं. १९७४ पासून हा व्याघ्र प्रकल्प आहे आणि इथल्या गावांत मुख्यतः कोरकू समाज राहतो. धारणी तालुक्यातल्या लवादा गावी संपूर्ण बांबू केंद्र आहे. सुनील देशपांडे आणि निरुपमा देशपांडे या दांपत्यानं नव्वदच्या दशकात इथं येऊन कोरकू तरुण, बुरूड कारागीर आणि महिलांना सोबत घेऊन बांबूचं काम सुरू केलं. फर्निचर, शोभेच्या वस्तू, घरबांधणी असं बरंच काही इथं शिकवलं गेलं. इथल्या बांबूच्या राख्या देशभर गेल्या. २०२१ मध्ये सुनील देशपांडे यांचं निधन झालं.

मेळघाटात मुख्यतः मानवेल बांबू आढळतो. त्याची भिंत जाड असते, कधी कधी तो जवळजवळ भरीवच असतो, म्हणून काठीला आणि फर्निचरला चांगला. बांबूचा कोंब एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो. त्यामुळे उंच दिसला की तोडला, असं अनेक जण करतात. पण त्याला कडकपणा यायला साधारण तीन वर्षं लागतात. कोवळा बांबू वाळला की आकसतो, वाकतो आणि त्याला कीड लागते.

ती कीड का लागते, हे बांबूच्या कारागिराकडे नक्की विचारा. बांबूत पिठूळ साखर असते आणि घुणाला तीच हवी असते. घरातल्या बांबूखाली पांढरी भुकटी पडते ती त्यामुळेच. म्हणून जुने लोक हिवाळ्यात बांबू तोडायचे, कारण त्या काळात ही साखर कमी असते. तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे साखर धुऊन जाते. आता बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात तो मुरवतात. असा मुरवलेला बांबू बरीच वर्षं टिकतो. रस्त्यावर स्वस्तात मिळालेली बांबूची खुर्ची दोन पावसाळ्यांत भुकटी का झाली, याचं उत्तर इथं मिळतं.

बुरडाचं काम वेगळं. तो बांबू ओला असतानाच कोयत्यानं उभा चिरतो, सुरीनं त्याच्या पातळ पट्ट्या काढतो आणि त्या विणून सूप, टोपलं, दुरडी, परडी, ढोली, तट्टे करतो. पट्टी किती पातळ काढायची, हिरवी पाठ कुठं वापरायची आणि आतला गर कुठं, हे बघण्यासारखं असतं. सुपाची वीण घट्ट असते म्हणून दाणा अडतो. कोंबड्या झाकायच्या डालीची वीण मोकळी असते म्हणून हवा खेळते. प्रत्येक वस्तूची वीण तिच्या कामावरून ठरते.

मग किंमत कशाची?

एका हंडीच्या किमतीत माती आणण्याचं भाडं, ती निवडण्या-मळण्याची मजुरी, थापणारीचा वेळ, वाळवायचे दिवस, आव्याचं जळण आणि तडकून गेलेल्या नगांचा तोटा असतो. यात्रेत दुकान लावलं तर गाडीभाडं आणि जागेचे पैसे वेगळे. सुपाच्या किमतीत बांबू आणि दिवसभर वाकून बसलेली पाठ असते.

प्लास्टिकचं टोपलं साच्यातून काही सेकंदांत निघतं. त्याच्याशी भावात टक्कर देणं कोणत्याही हाताला जमणार नाही. संत्र्याच्या बागेतच बघा. एकेकाळी तोडणीला बांबूच्या टोपल्या असायच्या, आता क्रेट आले. शेतकऱ्याला ते सोयीचे पडले, त्यात त्याची चूक नाही. पण बुरडाचं हंगामी काम त्यासोबत गेलं. घरात रांजणाऐवजी फिल्टर आणि फ्रिज आला, कुंभाराचा उन्हाळा आखूड झाला. आता त्याच्याकडे उरले ते सण : संक्रांतीची बोळकी, घटस्थापनेचे घट, दिवाळीच्या पणत्या आणि बहिरमची हंडी.

काम सणापुरतं राहिलं की घरातला मुलगा दुसरी वाट धरतो. त्यालाही दोष देता येत नाही. पण थापी धरायला किंवा बांबूची पट्टी काढायला हात बसायला काही वर्षं जातात. शिकणारी एक पिढी मध्ये तुटली, तर मागची माणसं गेल्यावर ते शिकवायला कोणी राहत नाही. व्हिडिओ बघून हंडीची माती मळता येत नाही.

माती आणि बांबू मिळतो का?

गिऱ्हाईक आलं तरी कच्चा माल हवा. तलावातला गाळ काढून शेतात टाकण्याची मोहीम गावोगावी चालते, शेताला त्याचा फायदाही होतो. पण त्याच तलावाच्या एखाद्या कोपऱ्यातली चिकण माती कुंभाराच्या कामाची असते. गाळ उपसायच्या आधी ग्रामपंचायतीनं कुंभाराला बोलावून त्याच्या कामाची माती बाजूला काढू दिली, तर गावाला खर्च काहीच येत नाही. हा विषय ग्रामसभेत कोणीही मांडू शकतो.

बांबूच्या बाबतीत कायदा बदलला आहे. पूर्वी वन कायद्यात बांबू झाड धरला जायचा. २०१७ मध्ये केंद्रानं जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला. त्यामुळे स्वतःच्या बांधावर लावलेला बांबू तोडायला आता या कायद्याची आडकाठी राहिली नाही. जंगलातल्या बांबूसाठी २००६ च्या वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज म्हणून नोंदला आहे. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तिथं ग्रामसभेचा त्यावर हक्क राहतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावानं २०११ मध्ये आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवला, त्याची चर्चा देशभर झाली. संत्र्याच्या बागेच्या कडेला, नाल्याच्या काठाला दोन-चार बेटं लावली, तर बुरडाला बांबू आणि शेतकऱ्याला पैसे, दोघांचं भागतं.

जाताना एवढं पाळा

- आधी निरोप द्या. आवा लावायचा किंवा पाऊस येण्याआधी माल झाकायचा दिवस असेल तर पाहुण्याकडे बघायला सवड नसते.
- कुंभाराकडे दिवाळीनंतर, बहिरमच्या आधी गेलात तर हंडीचं काम चालू असण्याची शक्यता जास्त. भर पावसाळ्यात मातीचं काम मंदावतं.
- लवाद्याला जाणार असाल तर आधी चौकशी करूनच निघा. घाटरस्ता आणि जंगल आहे, उजेडातच परत या. मोबाइलला सगळीकडे रेंज मिळत नाही.
- फोटो, व्हिडिओ काढण्याआधी विचारा. बाया काम करत असतील तर आधी त्यांना विचारा, घरच्या गड्याला नाही.
- वाळत ठेवलेल्या कच्च्या भांड्याला हात लावू नका. ते दिसतं घट्ट, पण बोटानं फुटतं.
- पोरांना सोबत न्या. चाकावर हात लावायला मिळाला तर त्याचे पैसे द्या. तेवढा वेळ कारागिराचं काम थांबलेलं असतं.
- थोडं तरी विकत घ्या. पणत्यांची जोडी चालेल, पण रिकाम्या हातानं फोटो घेऊन निघू नका.
- भाव करायचाच असेल तर काम पूर्ण बघून झाल्यावर करा.

कारागिरांसाठी कामाची माहिती

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या पहिल्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या विदर्भातच, वर्ध्याला झाला होता. योजनेतल्या १८ व्यवसायांत कुंभार, टोपली-चटई-झाडू बनवणारे, सुतार, लोहार, मूर्तिकार आणि खेळणी बनवणारे येतात. नोंदणी सीएससी केंद्रावर होते. वय १८ पूर्ण हवं आणि एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, साहित्यासाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी ही योजना आहे. विजेच्या चाकासाठी खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभार सशक्तीकरण योजनाही आहे. अर्ज करण्याआधी सध्याच्या अटी केंद्रावर विचारून घ्याव्यात.

पाहुणे यावेत असं वाटत असेल तर घरात फार बदल करायची गरज नाही. रस्त्यावरून दिसेल अशी एक पाटी, बसायला सावली, कामाचे टप्पे दाखवणारी चार भांडी ओळीनं मांडलेली आणि भावाची लिहिलेली यादी एवढं पुरतं. गुगल मॅपवर घराची जागा गावातलं कोणतंही कॉलेजचं पोरगं टाकून देईल. व्हॉट्सॲपवर तयार मालाचा फोटो टाकण्यापेक्षा काम चालू असतानाचा छोटा व्हिडिओ टाकला, तर लोक विचारत येतात. शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोललं तर एखादी सहल चिखलदऱ्याच्या आधी तासभर अंगणात थांबू शकते.

यंदा बहिरमला जायच्या आधी एखादा दिवस काढा. आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात कुंभाराचं घर कोणतं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्याला पक्कं माहीत असतं. तिथं जाऊन हंडी घ्या, वाजवून घ्या, पैसे थेट त्याच्याच हातात द्या. आणि यात्रेत जेवण झालं की ती हंडी चुलीवर टाकून येऊ नका. धुऊन घरी आणा. तिच्यात अजून बरीच वर्षं डाळ शिजेल.